नवरीच्या पायात काय घालावं?

लग्नाच्या खरेदीत नवरीच्या चपलांची आठवण सगळ्यात शेवटी होते. शालू झाला, दागिने झाले, मानपानाच्या साड्या झाल्या, पत्रिका वाटून झाल्या आणि लग्न आठ दिवसांवर आलं, की कुणाच्या तरी तोंडून निघतं, "अगं, हिच्या चपलांचं काय?" मग धावतपळत कर्जत नाहीतर कल्याण गाठायचं, दुकानदार काढून दाखवेल त्यातली चमचमती जोडी उचलायची आणि तो सांगेल ते पैसे मोजायचे. जास्तीचे पैसे जातात ते या घाईत, आणि लग्नाच्या रात्री पाय सुजून बसतात तेही या घाईमुळेच. भिवपुरी, नेरळ, कर्जत, खालापूर या पट्ट्यात तुमच्या घरी येत्या तुळशीच्या लग्नानंतर कार्य असेल, तर चपलांचं काम यादीत वर आणा. दोन महिने हातात असले की निम्म्या पैशांत चांगली जोडी मिळते आणि ती पायाला सवयीची करायला वेळही मिळतो.

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि लग्नाच्या दोन-तीन दिवसांत नवरीच्या पायात चप्पल नेमकी कधी असणार, ते लिहून काढा. उत्तर पाहून बऱ्याच जणींना नवल वाटतं. देवक अनवाणी. हळद अनवाणी. मुहूर्ताला नवरी पाटावर उभी राहते. अंतरपाट, मंगलाष्टका, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, यातल्या एकाही वेळी पायात काही नसतं. बौद्ध पद्धतीच्या लग्नातही प्रतिमेपुढची वंदना आणि विधी अनवाणीच होतात. सासरी माप ओलांडतानाही पाय मोकळेच. म्हणजे चप्पल लागते ती पार्लरपासून गाडीपर्यंत, गाडीपासून मांडवापर्यंत, मग स्वागत समारंभाला स्टेजवर दोन-तीन तास, आणि शेवटी पाठवणी-वरातीला. सगळं धरून चार-पाच तास. त्यातलाही मोठा भाग चालण्याचा नसतो, एका जागी उभं राहण्याचा असतो. वऱ्हाडी मंडळी एकेक करून स्टेजवर येतात, आहेर देतात, फोटो काढतात, आणि नवरी त्या सगळ्या वेळात उभी.

हे एकदा लक्षात आलं की खरेदीचं गणितच बदलतं. हळदीला वेगळी, मेंदीला वेगळी, विधीला वेगळी, रिसेप्शनला वेगळी, अशा चार जोड्या घेण्यात काही अर्थ नाही. हळदीला तर नवी चप्पल काढूच नका. सॅटिनवर किंवा कापडी पट्ट्यावर हळदीचा डाग पडला की तो जात नाही. आपल्याकडे हळदीच्या रात्री बेंजो लागला की नवरीलाही कुणी बसू देत नाही. त्या नाचासाठी घरातली रोजची रबरी चप्पल उत्तम. माझ्या मते दोन जोड्या पुरतात. एक सपाट, विधीच्या साडीबरोबर काढघाल करायला. एक थोड्या उंचीची, स्टेजसाठी. दोन्हींचा रंग जुन्या सोन्यासारखा, म्हणजे दुकानात ज्याला अँटिक गोल्ड म्हणतात तो घेतलात, तर हिरव्या शालूपासून जांभळ्या पैठणीपर्यंत सगळ्यावर चालतो. साडीला मॅचिंग चप्पल शोधण्यात जेवढे पैसे आणि फेऱ्या वाया जातात, तेवढ्या दुसऱ्या कशात जात नसतील. सहावारी साडीखालून दिसते ती फक्त बोटांकडची पट्टी, तिचा रंग साडीशी तंतोतंत जुळतोय का हे फोटोतही कळत नाही.

नऊवारीचं मात्र वेगळं. काष्टा घातल्यावर घोट्यापासून खाली सगळा पाय उघडा असतो; पैंजण, जोडवी, चप्पल, सगळं नजरेत भरतं. नऊवारी नेसणार असाल तर देखणेपणासाठी खर्च करायचा तो या जोडीवर करा, आणि ती सपाटच घ्या. नऊवारीखाली उंच टाचेची सँडल चांगली दिसत नाही आणि चालही बिघडते.

आता उंचीबद्दल. "नवरदेव उंच आहे, मुलगी शेजारी बुटकी दिसेल," असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि साडेतीन-चार इंचांची पेन्सिल हील घेतली जाते. ज्या मुलीने कॉलेजात, कामावर कधी हील घातली नाही, तिला लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा चार इंचांवर उभं करणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि हे मुलीच्या आईनेच ठामपणे म्हणायला हवं. टाच जितकी वर जाते तितकं अंगाचं वजन पुढे पंजावर येतं. तासाभरात पंजाची आग होते, मग कंबर धरते, आणि फोटोत उंची दिसण्याआधी चेहऱ्यावरचा त्रास दिसतो. दोन इंच पुष्कळ झाले. त्याहून जास्त उंची हवीच असेल तर पुढच्या बाजूला प्लॅटफॉर्म असलेली जोडी बघा. मागे साडेतीन इंच आणि पुढे एक इंच असेल तर पायाला चढ जाणवतो अडीच इंचांचाच. टाच रुंद घ्या, ब्लॉक हील किंवा सलग वेज. पेन्सिल हीलचं सगळं वजन बोटाच्या पेराएवढ्या जागेवर येतं.

आणि आपल्या भागात तर पेन्सिल हीलला जागाच नाही. कर्जतच्या फार्महाऊसवर लग्न असेल तर लॉन असतं, त्याला दुपारीच पाणी मारलेलं असतं, आणि टाच त्यात रुतते. लग्न गावात असेल तर भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मांडव पडतो. वरून हिरवं मॅट अंथरलेलं असतं, त्यामुळे जमीन सपाट वाटते. पण मॅटखाली धसकटं असतात, बांधाचा उंचवटा असतो, एप्रिल-मे असेल तर जमिनीला पडलेल्या भेगा असतात. बारीक टाच नेमकी भेगेत जाते आणि घोटा मुरगळतो. मांडव घातल्यावर, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, करवलीने एकदा गाडी थांबणार त्या जागेपासून स्टेजपर्यंत चालून बघावं. कुठे पाय अडखळतो ते तेव्हाच कळतं आणि मांडववाल्याला सांगून तिथे फळी टाकून घेता येते.

साडी नेसताना एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. नवरीला अनवाणी उभी करून निऱ्या घालतात, पिना लावतात आणि मग तिला हील घालायला देतात. साडी घोट्यावर चढते, परकराची कड दिसू लागते. याच्या उलट, हील घालून निऱ्या घातल्या आणि मग विधीसाठी पाटावर जाताना ती काढली, तर साडी जमिनीवर लोळते आणि सप्तपदीला पायात येते. म्हणून विधीची साडी अनवाणी पायांवर किंवा सपाट चपलेवर नेसवा, आणि स्वागत समारंभाची साडी तीच हील पायात घालून नेसवा. पार्लरवालीला हे आधी सांगून ठेवा, आणि तिच्याकडे जाताना चपलांची पिशवी बरोबर न्यायला विसरू नका. यातून पैशांचाही एक मुद्दा निघतो. साडी एकच ठेवणार असाल तर उंच हील घेऊच नका, तिचा उपयोग होणार नाही.

जोडव्यांचा विचार दुकानात कुणाच्या मनात येत नाही. लग्न लागल्यावर दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारच्या बोटांत जोडवी असतात. पुढून बंद, निमुळत्या जुतीत ती बोटं दाबली जातात आणि चांदीची कड शेजारच्या बोटाला कापते. म्हणून पुढून उघडी चप्पलच बरी. खरेदीला जाताना आईची किंवा वहिनीची जोडवी मागून न्या, बोटात घाला आणि मग चप्पल घालून बघा. पैंजणाचंही तसंच. पैंजणाची कडी आणि सँडलचा घोट्याचा पट्टा एकाच जागी आले की एकमेकांत अडकतात. पैंजण घालणार असाल तर घोट्याला पट्टा नसलेली जोडी घ्या, किंवा पट्टा पैंजणाच्या बराच खाली येईल अशी बघा. पट्ट्यावर मोती-खडे असतील तर त्यांवरून हात फिरवा. हाताला जे टोचतं ते पैठणीच्या जरीतही अडकणार आणि धागा ओढणार.

नंबराच्या बाबतीत कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. आपल्या दुकानांत बहुतेक चपला इंग्लंडच्या मापाच्या असतात, काही युरोपच्या मापाच्या. इंग्लंडचा 4 म्हणजे युरोपचा साधारण 37, 5 म्हणजे 38, 6 म्हणजे 39. पण ही दोन्ही मापं आपल्या पायांवरून बनलेली नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा भारतीय पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून भारतीय मापांची नवी पद्धत सुचवण्यात आली, तिला 'भा' असं नाव आहे. एरवी आपण काय करतो? पाय रुंदीला बसत नाही म्हणून एक नंबर मोठी चप्पल घेतो. मग लांबी जास्त होते, पाय पुढे सरकतो आणि टाच मागून निसटते. नंबर वाढवण्याऐवजी रुंद पट्ट्यांची किंवा बकल असलेली जोडी मागा, आणि बकल मधल्या भोकात बसतंय ना ते बघा, म्हणजे दोन्ही बाजूंना सोय राहते.

घरी संध्याकाळी, दिवसभराचं काम झाल्यावर, जमिनीवर जाड कागद ठेवून त्यावर उभ्या राहा. बसून नाही, उभं राहूनच, कारण वजन पडल्यावर पाय पसरतो. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांभोवती रेघ काढायला सांगा. बहुतेकींचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. मोठ्या पायाचा आकार कापून पर्समध्ये ठेवा. दुकानात चपलेच्या तळव्यावर तो कागद ठेवला की बाहेर किती येतो ते लगेच दिसतं आणि दहा जोड्या घालून बघण्याचा वेळ वाचतो. कोल्हापूर-सांगलीकडे कुणी नातेवाईक असतील तर याच कागदाचा फोटो शेजारी पट्टी ठेवून पाठवा, ते तिथून माप बघून आणू शकतात.

सपाट जोडीसाठी माझी पहिली पसंती कोल्हापुरीला. ती नऊवारीवर शोभते, आणि लग्नानंतर कपाटात पडून राहत नाही. सलवारवर, जीन्सवर, सणाच्या साडीवर वर्षानुवर्षं वापरता येते. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचा तो हक्क आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने अगदी याच घडणीच्या चपला दाखवल्या, उगमाचा उल्लेख न करता; आपल्याकडून आवाज उठल्यावर कंपनीने त्यामागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. जगाला हवीशी वाटणारी ही वस्तू आपल्या नवरीला दादरला, किंवा कोल्हापूरहून थेट मागवून, एखाद्या चमकत्या सँडलपेक्षा कमी पैशांत मिळते. घरातल्या वडीलधाऱ्या "लग्नात कसली चामड्याची चप्पल" म्हणतील, तर त्यांना गोंडा आणि जरीची वेणी असलेली, सोनेरी पट्ट्यांची जोडी दाखवा.

पण खरी कोल्हापुरी ओळखता आली पाहिजे. तळव्याची कड जवळून बघा. खऱ्या चामड्याची कड आतून रेशाळ असते आणि चामड्याचे थर एकमेकांवर दिसतात. रेक्झिनची कड गुळगुळीत असते, आणि पट्टा थोडा उलटून पाहिला तर मागे कापडाची जाळी दिसते. वासावर विसंबू नका, पण झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. अंगठ्याचं कडं, दोन्ही बाजूंचे कान, वेणी, हे सगळं शिवणीने धरलेलं आहे की नुसतं चिकटवलंय, ते बघा. अंगठ्याच्या कड्यात बोट घालून हलकेच ओढा. सगळ्यात आधी तेच तुटतं.

नवी कोल्हापुरी चावते, हे खरं आहे, आणि म्हणूनच ती लग्नाच्या आठवड्यात घ्यायची नाही. दीड-दोन महिने आधी घ्या. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला आणि तळव्याला खोबरेल किंवा एरंडेलाचा हलका हात फिरवा, रात्रभर सावलीत ठेवा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. असं दोन-तीनदा केलं की चामडं मऊ पडतं. फार तेल पाजू नका, नाहीतर ते शालूच्या काठाला लागेल. मग रोज घरात अर्धा तास, स्वयंपाक करताना, घालून फिरा. दोनेक आठवड्यांत ती तुमच्या पायाचा आकार घेते. चामड्याचा तळवा हॉलच्या गुळगुळीत लादीवर सरकतो, म्हणून कर्जत किंवा नेरळ स्टेशनबाहेर बसणाऱ्या मोचीकाकांकडून खाली पातळ रबराचा पत्रा लावून घ्या. थोडक्या पैशांचं काम आहे, पण हॉलमध्ये घसरून पडण्यापासून ते वाचवतं. आणि लग्न जूनमध्ये असेल तर कोल्हापुरी नकोच. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की मांडवाबाहेर चिखल झालाच समजा, आणि भिजलेल्या चामड्याची रया जाते. अशा वेळी फोमच्या तळव्याची, सिंथेटिक पट्ट्यांची सपाट सँडल घ्यावी.

खरेदीला कुठे जायचं? भिवपुरी रोड स्टेशनवरून कर्जत पुढचंच स्टेशन, पण तिथे निवड कमी. स्टेजची जोडी तिथे मनासारखी मिळाली तर चांगलंच, नाहीतर उलट्या दिशेची लोकल धरा. उल्हासनगर आपल्याच मार्गावर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेलं, आपल्या उल्हास नदीचंच नाव घेतलेलं हे शहर आजही लग्नाच्या खरेदीसाठी स्वस्त. साड्या-ड्रेससाठी लोक जातातच, त्याच फेरीत चपलाही बघून घ्याव्यात. कल्याणला दुकानं जास्त, पण गर्दीही तेवढीच. दादरला थेट लोकल आहे, कोल्हापुरीसाठी तिकडे जावं. वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर रस्त्याकडेच्या स्टॉलवर चमकत्या सँडल भरपूर मिळतात आणि घासाघीसही चालते, मात्र तिथली जोडी घेण्याआधी दोन्ही हातांनी धरून वाकवून बघा. तळवा आणि वरचा भाग यांच्यामध्ये फट दिसली तर ती स्टेजवर उघडणार. माथेरानच्या बाजारातही चामड्याच्या चपला मिळतात. मुद्दाम त्यासाठी वर चढू नका, भाव पर्यटकांसाठीचे असतात, पण तुमचं कुणी तिथे कामाला असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी त्यांच्याकरवी विचारून बघायला हरकत नाही.

पाच-सहा करवल्यांना एकसारख्या चपला घ्यायच्या ठरत असतील तर कुर्ला-चेंबूरकडच्या ठक्करबाप्पा कॉलनीचा विचार करा. तिथे चपला-बूट बनवणाऱ्यांचे पुष्कळ कारखाने आहेत आणि एकदम जास्त जोड्या घेतल्या तर भाव उतरतो. एक-दोन जोड्यांसाठी एवढी वाट वाकडी करणं परवडत नाही. रविवारी तर जाऊच नका. मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी, बाजारात गर्दी, आणि गर्दीच्या दिवशी कुणी भाव कमी करत नाही. मधल्या वारी दुपारची गाडी पकडून तीन-चारच्या सुमाराला दुकानात पोहोचा. तोवर पाय थोडे फुगलेले असतात, म्हणजे लग्नाच्या दिवशी असतील तसे, आणि संध्याकाळच्या कर्जत लोकलची गर्दी सुरू होण्याआधी परत निघता येतं.

कराचं एक गणित माहीत असू द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी 5 टक्के आहे आणि त्यावरच्या जोडीवर 18 टक्के. म्हणजे करापूर्वी 2400 रुपयांची जोडी तुम्हाला 2520 ला पडते आणि 2600 ची जोडी 3068 ला. मूळ किमतीत फरक दोनशेचा, खिशातून जातात साडेपाचशे जास्त. खोक्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात. "जीएसटी वेगळा" असं कुणी त्यावर मागितलं तर द्यायचं नाही. तसं पाहिलं तर नवरीच्या एका जोडीसाठी 2500 ओलांडायची गरज मला कधी वाटली नाही.

पक्कं बिल घ्या आणि ते लग्न होईपर्यंत जपून ठेवा. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. शिवण उसवली, टाच निखळली, तर त्या मुदतीत दुकानात जा; ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र "आवडली नाही" किंवा "मोठी झाली" हा दोष होत नाही, तिथे दुकानदाराच्या मर्जीवर असतं. म्हणून बदलून मिळेल का ते पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा, खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा, आणि घालून बघताना चटईवरच चाला. तळव्याला एक चरा पडला की परत घेत नाहीत.

सगळ्यात स्वस्त पडणारा मार्ग हातांनी सजवण्याचा. रुंद पट्ट्याची साधी, आरामदायी सँडल घ्या आणि शालूच्या ब्लाऊजमधून उरलेला काठ तिला लावा. पट्टा आधी पॉलिश पेपरने हलका घासून पुसून घ्या. चपलांना लावतात ते रबरी सोल्युशन पट्ट्यालाही लावा आणि कापडाच्या मागच्या बाजूलाही, दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकचिक लागली की मग दोन्ही जोडून दाबा. खिडकी उघडी ठेवून करा, वास उग्र असतो. दुसऱ्या दिवशी मोचीकाकांकडून कडेने टाके मारून घ्या, कारण नुसत्या चिकटवण्यावर लग्नाच्या दिवशी भरवसा नको. पट्टा जिथे वाकतो आणि जिथे दुसऱ्या पायाला घासतो, तिथे मोती किंवा खडे लावू नका. चपलेवर साडीचाच काठ असल्यामुळे ती अशी जुळते की दुकानातली कोणतीही जोडी तशी जुळणार नाही.

बहिणीची किंवा वहिनीची लग्नातली सँडल वापरायची असेल तर तो विचार चांगलाच, पण तळवा तपासल्याशिवाय नाही. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा तळवा पडून राहिला की हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. आपल्या भागातल्या पावसाळ्यात तर फारच. वरून जोडी कोरी दिसते, कारण ती एकदाच घातलेली असते, आणि नेमकी म्हणूनच ती धोक्याची. वापरातल्या चपलेपेक्षा कपाटात ठेवलेली लवकर जाते. स्टेजच्या पायऱ्या चढताना त्या तळव्याचे तुकडे पडू लागतात, मागे चुरा सांडत जातो. म्हणून उसनी जोडी आणली की तळवा अंगठ्याने दाबा, दोन्ही हातांनी वाकवा, कडेला नखाने खरवडा. चुरा निघाला, चिकट लागला किंवा बारीक भेगा दिसल्या, तर वरचा भाग चांगला असेल तरच मोचीकडून नवा तळवा लावून घ्या, नाहीतर सोडून द्या.

लग्नाच्या दिवसासाठी एक छोटी पिशवी करवलीकडे द्यायची. तिच्यात मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी, पेट्रोलियम जेलीची डबी, एक सेफ्टी पिन, आणि जुनी, मऊ, सपाट चप्पल. चिकटपट्टी फोड आल्यावर लावायची नसते. चप्पल घालण्याआधीच टाचेच्या मागे आणि करंगळीच्या बाजूला लावायची, म्हणजे फोड येतच नाही. फोड आलाच तर फोडू नका, झाकून ठेवा. पाहुण्यांची रांग थोडी कमी झाली की खुर्चीवर बसून घ्या, साडीच्या आड चप्पल काढून बोटं हलवा. जेवणाच्या पंगतीपासून पुढे ती जुनी चप्पलच घाला. फोटो झालेले असतात, आणि पाठवणीच्या वेळी नवरीच्या पायात काय आहे हे कुणी पाहत नाही.

लग्नानंतर दोन्ही जोड्या कोरड्या फडक्याने पुसून एक दिवस सावलीत ठेवा. कोल्हापुरी वर्तमानपत्रात गुंडाळून सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, पावसाळ्यात बुरशी धरते. स्टेजची सँडल जपून ठेवण्याच्या नादात वाया घालवू नका. ओटीभरणाला, मंगळागौरीला, नणंदेच्या साखरपुड्याला घाला, आणि तुम्हाला लागणार नसेल तर त्याच मापाच्या धाकट्या बहिणीला लगेच देऊन टाका, तळवा चांगला आहे तोवरच.